सुई हलली, पुन्हा थांबली

१८२५ साली जिनिव्हात झां-दानिएल कोलाडॉन या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणानं एक प्रयोग मांडला. तारेचं वेटोळं, एक जबर ताकदीचं चुंबक आणि वीजप्रवाह दाखवणारं गॅल्व्हनोमीटर, इतकीच सामग्री. वेटोळ्यात चुंबक घातलं तर तारेतून वीज वाहते का, हे त्याला पाहायचं होतं. गॅल्व्हनोमीटर म्हणजे तरी काय, तारेच्या गुंडाळीत टांगलेली चुंबकीय सुईच. मोठं चुंबक शेजारी असलं तर ती त्याच्याच ओढीनं फिरेल आणि मग ती विजेमुळे हलली की चुंबकामुळे, हे कळायचं नाही. म्हणून कोलाडॉननं लांबलचक तारा ओढून गॅल्व्हनोमीटर शेजारच्या खोलीत ठेवलं. चुंबक वेटोळ्यात सारलं, उठला, पलीकडच्या खोलीत गेला, वाकून पाहिलं. सुई शून्यावर.

तो दोन खोल्यांमधलं अंतर चालत होता तेवढ्यात ती सुई हलली होती, आणि हलून परत जागेवर आली होती.

विज्ञानाच्या इतिहासात हुकलेल्या संधी पुष्कळ सापडतात. ही मला सर्वांत जास्त चटका लावते, कारण इथे आळस नव्हता, निष्काळजीपणा नव्हता. माणूस काळजी घेत होता आणि त्या काळजीपायीच त्याच्या हातून शोध निसटला. दाराशी नुसता एखादा मदतनीस उभा केला असता, तरी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध जिनिव्हाच्या नावावर लागला असता.

कोलाडॉनच्या डोक्यातला प्रश्न त्या काळी सगळ्या युरोपच्या डोक्यात होता. १८२० च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला व्याख्यान देताना हान्स क्रिस्टियान ओर्स्टेडला दिसलं, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकीय सुई वळते. जुलैत त्यानं लॅटिनमध्ये चार पानांचं पत्रक छापून युरोपभर पाठवलं. वीज आणि चुंबक ही तोवर दोन वेगळी घराणी मानली जात होती. त्यांचं नातं असं उघडं पडल्यावर पुढच्या काही आठवड्यांतच पॅरिसमध्ये अँपिअरनं दोन तारांमधल्या ओढीचं आणि रेट्याचं गणित मांडायला घेतलं. मग उलटा प्रश्न आपसूक आला. विजेतून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकातून वीज का मिळू नये?

शोधणाऱ्यांची चूक एकच होती, आणि ती अगदी स्वाभाविक होती. तारेतून सतत वीज वाहत राहिली तर सुई सतत वळलेली राहते. तेव्हा तारेजवळ चुंबक नुसतं ठेवलं तर तारेतून सतत वीज वाहत राहील, असं सगळ्यांनी धरलं. आज शाळकरी मुलगाही विचारेल, की निपचित पडलेलं चुंबक फुकटात वीज देत राहिलं तर ती ऊर्जा येणार कुठून? पण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम १८४० च्या दशकात स्पष्ट झाला. १८२० च्या दशकात असं विचारायला लागणारा शब्दही कुणापाशी नव्हता. अँपिअर तर १८२२ साली जिनिव्हातच या शोधाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेला होता. टांगलेलं तांब्याचं कडं चुंबकानं हललेलं त्यानं पाहिलं, पण त्याचं लक्ष आपल्या वेगळ्याच सिद्धांतावर होतं. त्यानं ती गोष्ट बाजूला ठेवली.

आणि एक कोडं सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरत होतं. पॅरिसच्या आरागोनं १८२४ च्या सुमारास दाखवलं, की टांगलेल्या चुंबकीय सुईखाली तांब्याची चकती फिरवली तर सुईही तिच्यामागून फिरू लागते. तांबं तर चुंबकाला चिकटत नाही! चकती थांबवली की परिणाम संपला. इंग्लंडमध्ये बॅबेज आणि हर्शेल यांनी हा प्रयोग उलटसुलट करून पाहिला. पोचले कुणीच नाहीत. उत्तर त्या फिरण्यातच होतं.

मायकेल फॅरडे या प्रश्नामागे दहा वर्षं होता. चुंबकत्वाचं विजेत रूपांतर करायचं, असं टिपण त्यानं १८२२ साली आपल्या वहीत करून ठेवलं होतं.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळ न्यूइंग्टन बट्स इथला, लोहाराच्या घरातला. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरतं आणि बेरीज-वजाबाकीपुरतं. जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात तो आधी निरोप्या पोऱ्या होता, आणि १८०५ पासून सात वर्षं तिथेच त्यानं पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. बांधायला आलेली पुस्तकं तो रात्री वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक, या दोहोंनी त्याला विज्ञानाकडे ओढलं. दुकानाच्या एका गिऱ्हाईकानं १८१२ मध्ये त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं ती व्याख्यानं उतरवून घेतली, आकृत्या काढल्या, सगळं स्वतःच्या हातानं बांधून डेव्हीकडे पाठवलं. १८१३ च्या मार्चमध्ये लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो मदतनीस म्हणून लागला. कामाची बहुतेक सगळी हयात त्यानं त्याच इमारतीत काढली.

१८२१ साली त्यानं पाऱ्यात सोडलेली तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली. विजेच्या मोटरचं ते पहिलं रूप. त्यानंतर चुंबकातून वीज काढायचे प्रयत्न त्यानं अधूनमधून केले. १८२५ मध्ये दोन तारा शेजारी शेजारी ठेवून एकीतून वीज सोडली. दुसरीत काही दिसलं नाही. १८२८ मध्येही हाती काही लागलं नाही. मधली बरीच वर्षं रॉयल सोसायटीनं त्याला दुर्बिणींसाठी निर्दोष काच बनवण्याच्या कामाला जुंपलं होतं. भट्टीवर देखरेखीला तोफखान्यातून निवृत्त झालेला सार्जंट अँडरसन होता. एका संध्याकाळी त्याला घरी जा असं सांगायचं फॅरडे विसरला, तर सकाळी अँडरसन भट्टीत कोळसा घालतच होता, अशी हकिगत सांगतात. अँडरसन पुढे आयुष्यभर फॅरडेच्या प्रयोगशाळेत राहिला. काचेच्या कामातून मोठंसं हाती लागलं नाही, आणि १८३१ मध्ये फॅरडे त्यातून मोकळा झाला.

मोकळा झाला, आणि सोमवार, २९ ऑगस्ट १८३१ ला त्यानं एक कडं टेबलावर ठेवलं.

हे कडं मऊ लोखंडाचं होतं. बाहेरचा व्यास सहा इंच, लोखंडाची जाडी इंचाच्या सात अष्टमांश. त्याच्या एका अर्धुकावर त्यानं तांब्याच्या तारेचे तीन तुकडे गुंडाळले, प्रत्येक सुमारे २४ फुटांचा. दुसऱ्या अर्धुकावर दोन तुकडे, मिळून सुमारे ६० फूट. दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली, म्हणजे एका बाजूची तार दुसऱ्या बाजूच्या तारेला कुठेच शिवत नव्हती. आवरण घातलेली तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती. वेढ्याला वेढा भिडू नये म्हणून मध्ये सुतळी, आणि एका थरावर दुसरा थर चढवताना मध्ये सुती कापड. हे काम मन लावून करायचं, तासन्‌तास खाणारं. सात वर्षं पुस्तकं बांधलेल्या हातांना कापड आणि दोरा परके नव्हते. त्या कड्याचं चित्र पाहताना मला दर वेळी त्यातला शास्त्रज्ञ नंतर दिसतो, आधी तो कारागीर दिसतो.

दुसऱ्या बाजूच्या तारेची टोकं त्यानं जोडून टाकली आणि ती तार तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकीय सुईवरून नेली. पहिल्या बाजूचा एक तुकडा पत्र्यांच्या दहा जोड्यांच्या बॅटरीला लावला. लावताक्षणी सुई हलली. थोडा वेळ इकडेतिकडे झोके खाऊन मूळ जागी स्थिरावली. बॅटरी जोडलेलीच होती, वीज वाहतच होती, आणि सुई मात्र ढिम्म. मग त्यानं जोड सोडवला. सुई पुन्हा दचकली आणि पुन्हा थांबली.

वहीत त्यानं हे जसं घडलं तसंच लिहिलं, कुठलीही घाई न करता. त्याच्या जागी मी असतो तर या क्षणभराच्या थरथरीला टेबलाचा धक्का समजून सोडून दिलं असतं. प्रवाह सतत हवा असलेल्या माणसाला क्षणिक हालचाल म्हणजे अडथळा वाटते. फॅरडेनं त्या अडथळ्याकडेच बोट दाखवलं. जोडताना आणि तोडताना काहीतरी घडतं, मधल्या शांततेत काहीच घडत नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवलं.

तरी त्याचं समाधान झालं नव्हतं. कड्यात वीज आधी चुंबकत्व बनली आणि त्याची पुन्हा वीज झाली. नुसत्या चुंबकापासून वीज अजून मिळाली नव्हती. शिवाय ही खरीच वीज की आणखी काही, हेही ठरायचं होतं. २३ सप्टेंबरला मित्र रिचर्ड फिलिप्सला लिहिलेल्या पत्रात त्यानं मासेमारीची उपमा वापरली: गळाला काहीतरी लागलंय खरं, पण ओढून काढल्यावर मासा निघेल की नुसतं शेवाळ, सांगता येत नाही. दुसऱ्याच दिवशी लोखंडाच्या दांड्याभोवती तार गुंडाळून त्याच्या दोन्ही टोकांना चुंबकं टेकवली आणि उचलली. सुई हलली. १ ऑक्टोबरला लोखंड पूर्ण काढून टाकलं. लाकडी ठोकळ्यावर दोनशेहून अधिक फुटांच्या दोन तारा शेजारून गुंडाळल्या, बॅटरी शंभर जोड्यांची घेतली. सुईची हालचाल अगदी बारीक होती, पण होती. म्हणजे लोखंड परिणाम वाढवतं. तो घडतो मात्र लोखंडाविनाही.

सोमवार, १७ ऑक्टोबरला जे केलं ते आज नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत होतं. कागदाच्या पोकळ नळकांड्यावर तारेची आठ वेटोळी, आणि साडेआठ इंच लांबीचं, पाऊण इंच जाडीचं दंडगोल चुंबक. चुंबक झटकन आत सारलं, सुई एका बाजूला गेली. आत तसंच राहू दिलं, सुई परतली. बाहेर ओढलं, सुई उलट्या बाजूला. कोलाडॉननं सहा वर्षांपूर्वी हेच केलं होतं, फक्त सुई दुसऱ्या खोलीत होती.

आता उरला आरागोच्या चकतीचा प्रश्न. रॉयल सोसायटीच्या मालकीचं एक प्रचंड चुंबक होतं, सुमारे ४५० पोलादी चुंबकपट्ट्या एकत्र बांधून केलेलं. ते तेव्हा वूलिचला सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांच्याकडे होतं. २८ ऑक्टोबरला फॅरडे तिथे गेला. बारा इंच व्यासाची तांब्याची चकती पितळी आसावर बसवली, तिची कड चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या फटीत येईल अशी. एक तार आसाला टेकवली, दुसरी चकतीच्या कडेला, आणि चकती फिरवली. या वेळी सुई झटका देऊन परतली नाही. वळली आणि चकती फिरत होती तोवर वळलेलीच राहिली. चकती उलटी फिरवली, तर सुईही उलट्या बाजूला. माणसाच्या दंडातली ताकद तारेतली वीज झाली होती, आणि हात थांबेपर्यंत ती वाहत होती. जगातलं पहिलं विद्युत जनित्र ते हेच. आरागोचं कोडंही त्याच झटक्यात सुटलं: चुंबकाजवळ फिरणाऱ्या तांब्यात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे वीजप्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं चुंबकत्व सुईला आपल्यामागे ओढतं.

२४ नोव्हेंबर १८३१ ला हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. पहिल्या प्रयोगापासून तीन महिनेही झाले नव्हते.

पुढच्या महिन्यांत थोडी कटुताही आली. फॅरडेनं पॅरिसच्या हाशेतला पत्रातून शोधाची हकिगत कळवली, हाशेतनं ती तिथल्या अकादमीत सांगितली, वर्तमानपत्रात बातमी आली, ती वाचून इटलीत नोबिली आणि अँतिनोरी यांनी प्रयोग करून लगेच लेख छापला. ज्या अंकात तो आला त्यावर आधीची तारीख होती, त्यामुळे इटालियनच पहिले, असा समज पसरला. फॅरडे कधी नव्हे तो दुखावला गेला. अमेरिकेत आल्बनीच्या शाळेतला शिक्षक जोसेफ हेन्री स्वतंत्रपणे याच जागी पोचला होता. शिकवण्याच्या ओझ्यातून वेळ काढून छापेपर्यंत १८३२ चा जुलै उजाडला. वेटोळ्यातला प्रवाह स्वतःच्याच बदलाला विरोध करतो, हे छापून मांडणारा पहिला तो. त्या गुणाचं एकक आज त्याच्या नावानं ओळखलं जातं.

इतका वेळ मी काय घडलं ते सांगितलं. ते का घडतं, याचं फॅरडेचं उत्तर त्याच्या शोधाइतकंच धाडसाचं होतं. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरला की कमानींसारख्या रेषा उमटतात. बाकीचे या रेषांकडे गंमत म्हणून पाहत. फॅरडेला त्या खऱ्या वाटल्या. चुंबकाभोवतीची जागा रिकामी नाही, ती या बलरेषांनी भरलेली आहे, आणि तारेनं या रेषा कापल्या की तारेत वीज उठते, असं तो म्हणाला. रेषा जितक्या जास्त आणि जितक्या झपाट्यानं कापाल, तितका विजेचा दाब जास्त. चुंबक हलो की तार हलो, किंवा कड्यातल्यासारखं चुंबकत्वच उगवो-मावळो, रेषा आणि तार यांच्यात बदल व्हायला हवा. वेटोळ्यातून जाणाऱ्या रेषांची संख्या ज्या वेगानं बदलते तेवढा दाब, आणि वेढे जितके तितक्या पट. हा नियम पुढे त्याच्याच नावानं रूढ झाला.

गणिती मंडळींना हे पटलं नाही. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखं दोन वस्तूंमधलं अंतर आणि बळ, एवढंच त्यांना पुरे होतं; मधल्या मोकळ्या जागेत काही घडतं, हे त्यांच्या समीकरणांत बसत नव्हतं. आणि फॅरडेच्या निबंधांत समीकरणं नव्हतीच. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८५५-५६ मध्ये फॅरडेच्या बलरेषांना गणिताची भाषा दिली, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मार्च १८५७ मध्ये पासष्ट वर्षांच्या फॅरडेनं त्याला लिहिलं, की आपल्या विषयावर गणिताचा असा मारा झालेला पाहून आधी भीतीच वाटली, आणि विषयानं तो इतका नीट सोसला हे पाहून नवल. मॅक्सवेल पुढे याच वाटेनं गेला आणि प्रकाश हीदेखील विद्युतचुंबकीय लहर आहे इथवर पोचला. लोहाराच्या मुलानं लोखंडाच्या किसात पाहिलेली गोष्ट खरी होती.

नियमाचा दुसरा अर्धा भाग सेंट पीटर्सबर्गच्या हाइनरिख लेन्झचा, १८३४ चा. उठणारा प्रवाह ज्या बदलामुळे उठला त्यालाच विरोध करतो. हे वाक्य पुस्तकात वाचून मला कधीच कळलं नसतं. ते मला सायकलनं शिकवलं. मागच्या चाकाला टेकणारा बाटलीसारखा डायनामो लावला, की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पायडल जड व्हायचं. मोकळ्या रस्त्यावरून येताना पोटऱ्यांना कळायचं, की हा उजेड कुठून येतोय. आत फिरणाऱ्या चुंबकाला वेटोळ्यातला प्रवाह मागे खेचत असतो, आणि त्या ओढीवर मात करायला पाय जेवढा जोर लावतात त्यातूनच पुढच्या रस्त्यावर उजेड पडतो. विरोध नसता तर वीज फुकट मिळाली असती.

१८३२ मध्येच पॅरिसच्या इपोलित पिक्सीनं हातानं फिरवायचं जनित्र तयार केलं. पण प्रयोगाच्या टेबलावरून बाहेर पडायला या विजेला बराच काळ लागला. स्वतः फॅरडे यंत्रं बनवण्याच्या मागे लागला नाही. त्यानं नवे प्रश्न घेतले.

तरी त्याला एक रात्र लाभली. इंग्लंडच्या दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचा तो १८३६ पासून वैज्ञानिक सल्लागार होता. फ्रेडरिक होम्स यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारं मोठं चुंबकी जनित्र उभं केलं, आणि १८५८ च्या डिसेंबरात डोव्हरजवळच्या साउथ फोरलँड दीपगृहात कोळशाच्या दोन टोकांमधली विजेची ज्योत लागली. तिची पाहणी फॅरडेकडे होती. १८६० च्या फेब्रुवारीत तो तिकडे निघाला तर बर्फाच्या वादळात आगगाडी अडकली. डोव्हरला पोचला, पण रस्ते बर्फानं बंद, म्हणून लंडनला परतला. त्याच आठवड्यात शुक्रवारी पुन्हा गेला. रस्ता अजून बुजलेलाच होता. तेव्हा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस रात्री कुंपणं आणि भिंती चढून, शेतं तुडवत दीपगृहापर्यंत पोचला आणि आपल्या नोंदी करून आला. अहवालात त्यानं हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या सुईची थरथर त्यानं टिपली, तिची भावंडं त्या रात्री खाडीतल्या जहाजांना वाट दाखवत होती. २५ ऑगस्ट १८६७ ला फॅरडे गेला, तेव्हा चुंबकांऐवजी स्वतःच्याच विजेवर पोसलेले विद्युतचुंबक वापरणारी जनित्रं नुकती आली होती. मोठी वीजनिर्मिती त्यांनी शक्य केली.

पण २९ ऑगस्टचं ते कडं? आश्चर्य हे, की चकतीचा वंश वाढला आणि कडं अर्धं शतक जवळपास बाजूला पडून राहिलं. मग एक अडचण उभी राहिली. वीज लांब न्यायची तर तारेत ती उष्णता होऊन वाया जाते, आणि हा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत असतो. दाब दहापट केला तर तीच शक्ती न्यायला प्रवाह एक दशांश लागतो, आणि तोटा शंभरावा हिस्सा होतो. वीज नेताना दाब प्रचंड हवा, घरात वापरताना बेताचा. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी बंद लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या चढवून हे साधणारं यंत्र बनवलं. एका गुंडाळीत वेढे कमी, दुसरीत जास्त. दाब त्या प्रमाणात चढतो किंवा उतरतो. मराठीत आपण त्याला रोहित्र म्हणतो आणि गावाकडे सरसकट डीपी. फॅरडेचं कडं आणि बुडापेस्टचं यंत्र शेजारी ठेवली तर नातं सांगावं लागणार नाही. या तिघांपैकी ब्लाथीनं १८८९ मध्ये वीज मोजायचं मीटरही केलं. जुन्या मीटरच्या काचेआड हळूहळू फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवते ना, कडेला खूण असलेली? चाळीच्या जिन्याखाली अशा मीटरांची रांगच असायची. आरागोच्या चकतीत उठायचे तेच भोवरे तिला फिरवत होते.

यानंतर तीस वर्षांच्या आत ही गोष्ट सह्याद्रीत पोचली. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, आणि कोळसा दुरून येई. घाटमाथ्यावर मात्र पावसाळ्यात अतोनात पाणी पडतं आणि कडा उतरून कोकणात वाहून जातं. ते अडवून कड्याखाली वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी धरली. १९०४ मध्ये ते गेले, काम मुलांनी पुढे नेलं. ८ फेब्रुवारी १९११ ला लोणावळ्यात पायाचा दगड बसला आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजगृह सुरू झालं. वळवण आणि शिरवत्याच्या तलावांतलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून खाली येऊन चाकांच्या पात्यांवर आदळतं, चाकं जनित्रं फिरवतात. तिथेच रोहित्रं दाब लाखभर व्होल्टपर्यंत चढवत, तारा सुमारे ७० किलोमीटर मुंबईकडे जात, आणि परळला दुसरी रोहित्रं तो उतरवून गिरण्यांना देत. यातला एकही टप्पा प्रवर्तनाविना चालत नाही.

या विजेची दुसरी बाजू इथेच सांगायला हवी. टाटांच्याच भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशीला धरण होऊ लागलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. धरण झालं, १९२७ मध्ये भिरा सुरू झालं, गावं बुडाली. लेन्झचा नियम सांगतो की विजेची किंमत कुणीतरी मोजतंच. सायकलवर ती माझ्या पोटऱ्यांनी मोजली. मुळशीत ज्यांनी मोजली, त्यांना ती मोजायची आहे का हे कुणी नीट विचारलं नव्हतं.

फॅरडेच्या कड्यात बॅटरी जोडली की सुई हलायची, तोडली की उलट हलायची. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा असा पुढे-मागे होतो, त्यामुळे रोहित्राच्या गाभ्यातलं चुंबकत्व सतत उगवतं, मावळतं, उलटं होतं, आणि दुसऱ्या गुंडाळीत वीज सतत उठत राहते. शांततेचा क्षण उरतच नाही. चुंबकत्वाच्या प्रत्येक चढ-उतारात गाभ्याचं लोखंड केसाहूनही बारीक ताणलं जातं आणि परत आखडतं, सेकंदाला शंभर वेळा. रात्री गाव निजल्यावर, रस्त्यावर कुणी नसताना, डीपीच्या खांबाखाली उभं राहिलं तर जो एकसुरी घुमणारा आवाज ऐकू येतो, तो त्याचा.